रात्री नळी काढावी की उजाडण्याची वाट पाहावी? शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स्टुबेशनमध्ये वेळेचा विचार

सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरून निघालेला रुग्ण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात आणि मग नंदुरबार, धुळे किंवा जळगावला पोहोचेपर्यंत बहुधा दिवे लागलेले असतात. तपासण्या, रक्ताची सोय आणि नातेवाइकांची संमती यांत आणखी दोन-तीन तास जातात, रात्री अकराला पोट उघडले जाते आणि दोन-अडीचला शेवटचा टाका पडतो. सर्जन हातमोजे काढत असतात, सिस्टर गॉज मोजत असतात, आणि नेमक्या त्या वेळी भूलतज्ज्ञाला ठरवावे लागते की श्वासनळीतली नळी आता काढायची की सकाळपर्यंत ठेवायची. खानदेशातल्या छोट्या-मोठ्या रुग्णालयांत ज्यांना हा निर्णय रात्री घ्यावा लागतो, ते भूलतज्ज्ञ, निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी हा लेख आहे. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांसाठीही शेवटी काही सांगितले आहे.

नळी काढणे, म्हणजे एक्स्टुबेशन, ही कधीही घाईची गोष्ट नसते. नळी घालणे पुष्कळदा तातडीचे असते. काढणे मात्र नेहमी आपल्या सोयीने, तयारीने करता येते. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या श्वसनमार्गाच्या गंभीर दुर्घटनांच्या राष्ट्रीय पाहणीत भुलेशी संबंधित घटनांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश घटना भूल उतरताना किंवा रिकव्हरीत (शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला देखरेखीसाठी ठेवतात त्या खोलीत) घडलेल्या आढळल्या. त्यानंतर २०१२ मध्ये तिथल्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने आणि २०१६ मध्ये आपल्याकडच्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने एक्स्टुबेशनसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाला झोपवण्याइतकाच त्याला उठवण्याचाही आराखडा हवा, हे त्यांमुळे लेखी झाले.

घड्याळ नेमके काय बदलते

अमेरिकेतील १६५ अतिदक्षता विभागांतल्या सुमारे ९८ हजार रुग्णांची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साधारण वीस टक्के रुग्णांची नळी संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळेत काढली गेली होती. बारा तासांहून अधिक काळ व्हेंटिलेटरवर असलेल्यांत रात्री नळी काढलेल्या १४.६ टक्के रुग्णांना ती पुन्हा घालावी लागली, तर दिवसा काढलेल्यांत हे प्रमाण १२.४ टक्के होते. याच गटात रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण १६ टक्के विरुद्ध ११.१ टक्के होते. बारा तासांहून कमी काळ नळी असलेल्यांत पुन्हा नळी घालण्याचे प्रमाण दोन्ही वेळी जवळजवळ सारखे होते. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे रात्रीनेच हे घडवले असे त्यावरून म्हणता येत नाही. रात्री नळी काढलेले रुग्ण मुळातच वेगळे असू शकतात. तरीही एक गोष्ट मला त्यातून घ्यावीशी वाटते. साध्या शस्त्रक्रियेनंतर तासा-दोन तासांत उठणारा रुग्ण आणि दिवसभर व्हेंटिलेटरवर राहिलेला रुग्ण यांना ‘रात्री नळी काढू नये’ असा एकच नियम लावता येत नाही.

शरीराचेही स्वतःचे वेळापत्रक असते. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत खाली येते, श्वासनलिका पहाटे चारच्या सुमारास सर्वाधिक आकुंचित असतात आणि म्हणून दम्याचा रुग्ण त्याच वेळी घाबरून उठतो. नळी काढणाऱ्याचे लक्षही त्याच तासांत सर्वांत मंद असते. परंतु फक्त रात्रच वाईट, असेही नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयातील नव्वद हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींत भुलेशी संबंधित अनिष्ट घटनांची शक्यता सकाळी नऊला सुरू झालेल्या शस्त्रक्रियांत सर्वांत कमी, सुमारे १ टक्का, तर दुपारी चारच्या सुमारास सर्वांत जास्त, ४.२ टक्के दिसली. त्यांत वेदना आणि उलट्यांसारख्या तक्रारींचा मोठा वाटा होता, पण दुपारी चार ही माणसे बदलण्याची आणि थकण्याची वेळ आहे, हे कोणत्याही ओटीत (शस्त्रक्रियागृहात) काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

माझे मत असे आहे की घड्याळ स्वतः फारसे नुकसान करत नाही. ते रुग्णाभोवतालची माणसे कमी करते, आणि नुकसान त्यातून होते. रात्री तीनला काही बिघडले तर मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येईल, कान-नाक-घशाचे सर्जन शहरात आहेत का, रिकव्हरीत रुग्णाशेजारी कोण बसणार आहे, या प्रश्नांची उत्तरे दिवसा जी असतात ती रात्री नसतात. खाली दिलेली प्रत्येक पायरी या उत्तरांना धरूनच आहे.

पहिली पायरी: शेवटाचा विचार सुरुवातीला

भूल देण्यापूर्वीच रुग्णाच्या कागदावर एक ओळ लिहावी: ‘नळी काढताना अडचण येईल का?’ आपल्या भागात या ओळीला तीन गोष्टी वारंवार जोडाव्या लागतात. पहिली म्हणजे गुटखा. सुपारी आणि गुटख्याने तोंडाच्या आतली कातडी आखडलेला तरुण दोन बोटेसुद्धा तोंडात जाऊ देत नाही. त्याची नळी दिवसा चार जणांच्या मदतीने, फायबरऑप्टिकने (लवचीक दुर्बिणीने) घातलेली असेल तर रात्री एकट्याने ती काढून टाकणे धोक्याचे आहे, कारण ती पुन्हा घालणे सोपे नसते. दुसरी गोष्ट सिकलसेल, तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि थंडी, शरीरातील पाणी कमी होणे व प्राणवायूची घट या तिन्ही गोष्टी, ज्या नीट न झालेल्या एक्स्टुबेशनमध्ये एकत्र येतात, त्या अशा रुग्णाला क्रायसिसमध्ये, म्हणजे आजाराच्या तीव्र झटक्यात, ढकलू शकतात. तिसरी गोष्ट भरलेले पोट. अपघात, आतड्याचा अडथळा किंवा रात्रीचे तातडीचे सिझेरियन यांत ‘पोट रिकामे आहे’ असे कधीच धरू नये.

घोरणारे, स्थूल, मान जाड असलेले रुग्णही या यादीत येतात. नातेवाइकांना फक्त ‘घोरतात का’ असे विचारून थांबू नये, तर ‘झोपेत मध्येच श्वास थांबतो का’ असेही विचारावे. याचे उत्तर पत्नीकडे हमखास असते.

दुसरी पायरी: शेवटच्या अर्ध्या तासातले चार प्रश्न

टाके घालायला सुरुवात झाली की मी मनात चार प्रश्न घेते. रुग्ण तयार आहे का, म्हणजे रक्तदाब आधाराशिवाय स्थिर आहे का, रक्तस्राव थांबला आहे का, तापमान ३६ अंशांच्या वर आहे का, प्राणवायूची गरज माफक आहे का? श्वसनमार्ग तयार आहे का, म्हणजे सूज, रक्त किंवा चिकट स्राव नाहीत ना? पुन्हा नळी घालू शकणारा माणूस पुढचे दोन तास या इमारतीत असणार आहे का? आणि चौथा, रुग्ण जिथे जाणार तिथे प्राणवायू, सक्शन (स्राव ओढून काढणारे यंत्र), मॉनिटर आणि जागी परिचारिका आहे का?

पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर दिवस असो वा रात्र, नळी राहू द्यावी. तिसऱ्या किंवा चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर आधी ते बदलता येते का ते पाहावे. धुळे-जळगावच्या खासगी रुग्णालयांत भूलतज्ज्ञ एका रात्रीत दोन-तीन ठिकाणी धावतात, हे मी स्वतः वर्षानुवर्षे केले आहे. पुढचे सिझेरियन वाट पाहत असेल तर आधीच्या रुग्णाची नळी लवकर काढण्याचा मोह होतो. अशा वेळी पुढच्या रुग्णालयाला फोन करून दुसऱ्या सहकाऱ्याला बोलावायला सांगावे. ते अवघड वाटते, पण जमते.

तापमानाबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाला ओटीतला एसी पूर्ण हवा असतो. त्यात तीन तास उघड्या पोटाने पडलेला रुग्ण ३५ अंशांवर गेलेला असतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. थंड शरीरात स्नायू शिथिल करणारे औषध जास्त वेळ टिकते, आणि उठल्यावर येणारी हुडहुडी प्राणवायूची गरज कित्येक पटींनी वाढवते. म्हणून शेवटच्या तासात एसी कमी करावा, सलाइन कोमट द्यावे, रुग्णाला झाकावे.

तिसरी पायरी: स्नायूंची ताकद खरोखर परत आली का

या पायरीवर मी सर्वांत जास्त थांबणार आहे, कारण माझी चूक इथे झाली होती.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या रुग्णालयात, पहाटे तीनच्या सुमारास, आतड्याला पीळ पडलेल्या एका केळी-बागायतदाराची शस्त्रक्रिया संपली. बोटांवर आणि नखांत केळीच्या चिकाचे काळे डाग होते, म्हणून ऑक्सिमीटरचा प्रोब मी कानाच्या पाळीला लावला होता. रिव्हर्सल (स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उतरवणारे औषध) दिले, पाच मिनिटे थांबले, ‘आबा, डोया उघाडा’ म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले, मान उचलायला सांगितल्यावर ती उचलून धरली आणि मी पाच अंक मोजले. नळी काढली. चाळीस मिनिटांनी मी गाडीची किल्ली हातात घेऊन जिन्यापाशी पोहोचले होते, तेव्हा सिस्टरने हाक मारली. आबांचे पोट श्वासाबरोबर वर येत होते आणि छाती आत जात होती, जबडा सैल पडला होता, आकडा ८६ वर आला होता. मास्कने श्वास दिला, पुन्हा नळी घातली आणि सकाळी दहा वाजता, पूर्ण जागे असताना, ती काढली. आबा बरे होऊन घरी गेले. मी आणखी दोन मिनिटे आधी निघाले असते तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही करते.

मान पाच सेकंद उचलून धरणे ही पुरेशी कसोटी नाही. ताकद बरीच अपुरी असतानाही रुग्ण हे करू शकतो, आणि घसा उघडा ठेवणारे, गिळणारे स्नायू सर्वांत शेवटी सावरतात. योग्य कसोटी म्हणजे ट्रेन-ऑफ-फोर गुणोत्तर (मज्जातंतूला ओळीने चार वेळा विजेने चेतवल्यावर स्नायूचा चौथा झटका पहिल्याच्या तुलनेत किती, ते प्रमाण) ०.९ किंवा त्याहून अधिक असणे, आणि तेही अंगठ्याच्या स्नायूवर, आकडा दाखवणाऱ्या यंत्राने मोजलेले. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्सच्या २०२३ च्या सूचनांतही हेच सांगितले आहे. आकडा न दाखवणाऱ्या साध्या नर्व्ह स्टिम्युलेटरने हाताला जाणवणारे चार झटके सारखेच वाटत असले तरी गुणोत्तर ०.९ च्या खाली असू शकते.

प्रत्यक्षात काय करावे? चारही झटके दिसू लागल्यावरच निओस्टिग्मिन (नेहमीचे रिव्हर्सल) प्रति किलो ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास, नाडी मंदावू नये म्हणून ग्लायकोपायरोलेटसह द्यावे आणि निदान दहा मिनिटे घड्याळ पाहून थांबावे. स्नायू शिथिल करण्यासाठी व्हेक्युरोनियम किंवा रोक्युरोनियम वापरले असेल आणि त्यांचा असर उतरवणारे सुगामॅडेक्स उपलब्ध असेल तर दोन झटके परतल्यावर प्रति किलो २ मिलिग्रॅम व खोल शिथिलता असताना ४ मिलिग्रॅम हे नेहमीचे प्रमाण आहे. ते महाग आहे हे खरे. पण गुटख्याने तोंड आखडलेल्या किंवा स्थूल रुग्णासाठी रात्री त्याची एक बाटली ओटीच्या फ्रीजमध्ये असावी, असा आग्रह मी धरते. स्टिम्युलेटरही नसेल तर शेवटचा डोस कधी दिला ते पाहून सढळपणे वाट पाहावी. इथेही वेळेचा एक धागा आहे: एका छोट्या अभ्यासात रोक्युरोनियमचा सकाळी दिलेला डोस दुपारी दिलेल्या डोसापेक्षा बराच जास्त वेळ टिकला होता. म्हणून ‘एवढ्या मिनिटांत उतरतेच’ हा अंदाज दिवसाच्या कोणत्याही वेळी मोजमापाची जागा घेऊ शकत नाही.

चौथी पायरी: मांडणी

नळी काढण्याआधी ट्रॉलीवर त्याच क्रमाने वस्तू मांडाव्यात ज्या क्रमाने त्या पुन्हा लागतील: मास्क आणि बॅग, गेडेल एअरवे (जीभ मागे पडू न देणारी वाकडी नळी), चालू असलेले सक्शन, लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पाहण्याचे दिव्याचे उपकरण), आधीच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी व्यासाची नळी, बोजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी), आय-जेल (स्वरयंत्रावर बसणारी श्वासाची नळी), आणि सिरिंजमध्ये भरून नाव लिहिलेले प्रोपोफॉल (भुलेचे औषध) व सक्सिनिलकोलीन (स्नायू झटपट शिथिल करणारे औषध). लॅरिंगोस्कोपचा दिवा त्या क्षणी लावून पाहावा. प्राणवायूचा साठा मोजावा: १५०० लिटरचा भरलेला बी-टाइप सिलिंडर मिनिटाला १० लिटर या गतीने फक्त अडीच तास पुरतो, तर ७००० लिटरचा जंबो साडेअकरा तासांवर. वीज गेल्यास मॉनिटर बॅटरीवर किती वेळ चालतो आणि जनरेटर सुरू करणारे मामा रात्री कुठे झोपतात, हेही माहीत असावे.

आणि सर्जनना थांबवावे. मोठा दिवा चालू, टेबल खाली-वर करता येईल असे, एक सिस्टर फक्त रुग्णाकडे पाहणारी, आणि सर्जन खोलीत. एवढे झाल्याशिवाय कफमधली, म्हणजे नळीच्या टोकाजवळच्या फुग्यातली, हवा काढू नये.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष नळी काढणे

डोक्याकडची बाजू उंच करावी. तोंडात दातांमध्ये गॉजची गुंडाळी ठेवावी, कारण अर्धवट जागा झालेला रुग्ण नळी चावून बंद करतो आणि बंद नळीवर जोराने श्वास ओढला तर फुप्फुसांत पाणी भरू शकते. शंभर टक्के प्राणवायू तीन-चार मिनिटे द्यावा. घशातले सक्शन डोळ्यांनी पाहून करावे. रक्ताची गुठळी टाळूच्या मागे दडते. भरलेल्या पोटाच्या रुग्णाची नळी तो पूर्ण जागा असतानाच काढावी, आणि रात्री मी सर्वच रुग्णांना हा नियम लावते. खोल झोपेत नळी काढण्याचे फायदे असतात, परंतु त्यानंतर शेजारी बसायला तरबेज माणूस लागतो.

जागा आहे का हे तपासताना रुग्णाच्या बोलीत बोलावे. भुलेच्या धुंदीत असलेल्या आजीला ‘डोळे उघडा, जीभ बाहेर काढा’ हे शहरी मराठी पोहोचत नाही आणि आपण तिला ‘प्रतिसाद नाही’ असे लिहून मोकळे होतो. अहिराणीत ‘माय, डोया उघाड’ म्हटले की तीच आजी डोळे उघडून माझा हात घट्ट धरते. पावरी बोलणारा रुग्ण असेल तर ती बोली येणारी परिचारिका किंवा नातेवाईक भूल देण्याआधीच शोधून ठेवावा.

श्वास नियमित, डोळे उघडे, सांगितलेले समजते, ट्रेन-ऑफ-फोर पुरेसा. मग कफ रिकामा करून, श्वास आत भरलेला असताना नळी काढावी आणि लगेच मास्क लावावा. कॅप्नोग्राफची (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) नळी मास्कला जोडून श्वासाची लाट दिसते का ते पाहावे. स्वरयंत्र आवळले गेले तर जबडा पुढे ओढून, मास्क घट्ट धरून शंभर टक्के प्राणवायूचा सतत दाब द्यावा. तेवढ्याने सुटले नाही तर प्रोपोफॉलचा लहान डोस, आणि तरीही नाही तर सक्सिनिलकोलीन. त्यासाठीच ती सिरिंज भरलेली हवी.

सहावी पायरी: पुढचे तास

दिवसा रिकव्हरीत चार डोळे असतात. रात्री तोच रुग्ण वॉर्डात जातो आणि एका सिस्टरकडे तीस खाटा असतात. अमेरिकेत वेदनाशामक अफूजन्य औषधांमुळे श्वास मंदावल्याबद्दल केलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८८ टक्के घटना शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २४ तासांत घडल्या होत्या, आणि नीट देखरेख असती तर त्यांतल्या ९७ टक्के टाळता आल्या असत्या, असे तपासणाऱ्यांचे मत होते. म्हणून पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि रुग्णाला हाक मारून पाहावी. प्राणवायू चालू असताना ऑक्सिमीटरचा आकडा ९८ असला तरी श्वास मिनिटाला सहावर आलेला असू शकतो. आकडा खाली येईपर्यंत उशीर झालेला असतो. शांत घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे, असे नातेवाइकांना वाटते. ते अर्धवट बंद झालेल्या श्वसनमार्गाचे लक्षण असू शकते, हे त्यांना सांगून ठेवावे.

नळी ठेवायचे ठरले तर

नळी सकाळपर्यंत ठेवणे हाही उपचार आहे आणि त्याला त्याचे धोके आहेत. झोपेचे औषध अपुरे पडल्यास रुग्ण पहाटे स्वतःच नळी उपसतो, स्राव साचून नळी बंद होते, दीर्घकाळ ठेवल्यास न्यूमोनिया होतो. म्हणून डोके ३० अंश उंच, कफचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी, वेदना आणि झोप यांची औषधे पंपावर, हात मऊ पट्टीने सैल बांधलेले, आणि व्हेंटिलेटर उपलब्ध असणे आवश्यक आहे. रात्रभर बॅग दाबत बसणे हा पर्याय नाही. व्हेंटिलेटर नसेल तर नळीसह, डॉक्टर सोबत देऊन, मोठ्या केंद्रात पाठवावे. नळी असलेला रुग्ण रुग्णवाहिकेत नळी नसलेल्या धापा टाकणाऱ्या रुग्णापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो.

सकाळी नळी काढतानाही आठचा ठोका टाळावा, कारण त्या वेळी पाळी बदलत असते. रात्रीची टीम घराकडे पाहत असते, दिवसाच्या टीमला रुग्ण माहीत नसतो. कॅनडातील २०१८ च्या मोठ्या निरीक्षणात शस्त्रक्रियेदरम्यान भूलतज्ज्ञ पूर्ण बदलल्यास गुंतागुंत जास्त दिसली होती, तर जर्मनीतील २०२२ च्या यादृच्छिक चाचणीत तसा फरक आढळला नाही. यावरून मी एवढेच घेते की बदल नीट, लेखी आणि रुग्णाशेजारी उभे राहून झाला पाहिजे. राउंड संपल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही इमारतीत असताना नळी काढावी.

नातेवाइकांसाठी

‘ऑपरेशन झाले, मग पेशंट बोलत का नाही?’ हा प्रश्न पहाटे चारला विचारला जातो आणि त्यामागची भीती खरी असते. नळी ठेवली याचा अर्थ काही बिघडले असा नसतो. पुष्कळदा डॉक्टरांनी मुद्दाम सकाळची वाट पाहिलेली असते. आपण विचारावे: नळी कधी काढण्याचा विचार आहे, त्या वेळी कोण हजर असेल, आणि काढल्यावर पहिले दोन तास जवळ कोण बसेल. घोरणे, झोपेत श्वास थांबणे, गुटखा, दमा, सिकलसेल यांतले काही असेल तर ते कोणी विचारले नाही तरी सांगावे. नळी काढल्यावर पाणी पाजण्याची घाई करू नये. सिस्टर सांगेपर्यंत ओठ फक्त ओल्या कापसाने पुसावेत. रुग्ण हाकेला ओ देईनासा झाला, श्वासाला आवाज येऊ लागला किंवा ओठ काळसर दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये, सिस्टर झोपल्या असतील असा संकोच करू नये, तिथेच मोठ्याने हाक मारावी.